सेनापतींच्या तीन मिशा

सेनापतींकडे तीन मिशा होत्या आणि त्यांतली एकही त्यांची स्वतःची नव्हती. थोरली, मधली आणि धाकटी अशी त्यांची नावं. थोरली म्हणजे दोन्ही टोकांना पीळ दिलेली, ऐतिहासिक नाटकातली. मधली कौटुंबिक नाटकातल्या वडिलांची, जरा पिकलेली आणि मुलीचं लग्न ठरत नसल्यामुळे खाली झुकलेली. धाकटी अगदी बारीक. ती वकील, डॉक्टर आणि शेजारणीकडे बघणारे गृहस्थ यांच्यासाठी. तिघी चष्म्याच्या एका जुन्या घरात, कापराच्या वडीसोबत राहायच्या. सेनापती तालमीला निघाले की त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दारातून विचारायच्या, किल्ल्या घेतल्या का, मोबाइल घेतला का, पोरी घेतल्या का. ऐकणाऱ्याला वाटायचं यांना तीन मुली आहेत. प्रत्यक्षात त्यांना एक मुलगा होता आणि तो पुण्याला होता.

मी इंदूरला आले ती नोकरीसाठी. भंवरकुआंजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात खोलीवर बसून साताऱ्याची आठवण काढायची, असा माझा सुरुवातीचा कार्यक्रम होता. कानावर जरा मराठी पडावं म्हणून एका रविवारी इथल्या मराठी मंडळात गेले. सचिवांनी उठून स्वागत केलं. ‘या ना मॅडमजी, बसून घ्या, चाय येऊनच राहिली आहे.’ मराठी ऐकायची हौस तिथेच निम्मी फिटली. आता मीही साताऱ्याला फोनवर ‘कुकर लावून राहिले आहे’ म्हणते आणि पलीकडून आई विचारते, कोण बोलतंय.

त्या रविवारी कोपऱ्यात एक काटकुळे गृहस्थ बशीतल्या पोह्यांवर शेव घालत बसले होते. पोहे दिसेनासे झाले तरी त्यांचं घालणं चालूच होतं. मी काय शिकवते ते त्यांनी विचारलं. केमिस्ट्री म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘मग तर कामच झालं. आपल्याकडे डिंकाचं बघणारं कोणी नव्हतं,’ ते म्हणाले. मला वाटलं, बाळंतिणीच्या लाडवांचं काही तरी असेल. मग त्यांनी चष्म्याचं घर उघडून तिघींशी माझी ओळख करून दिली. मिशी चिकटवायचा स्पिरिट गम इंदूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही, दुसऱ्या अंकापर्यंत मिशीचं एक टोक माहेरी निघून जातं, ही त्यांची तक्रार होती. नाट्यसृष्टीत माझा प्रवेश असा डिंकातून झाला.

डिंकाबद्दल मला काही शिकवायची संधी मात्र त्यांनी कधी दिली नाही. डिंक लावायचा, त्यावर फुंकर मारायची आणि थांबायचं, असं त्यांचं शास्त्र होतं. ‘घाई नाही करायची, मॅडम. तो थोडा लाजला पाहिजे. लाजला की मगच मिशी ठेवायची,’ ते म्हणायचे. ओला डिंक म्हणजे नुसता ओळखीचा माणूस, लाजलेला डिंक म्हणजे नातेवाईक, असंही ते सांगत. द्रावक उडून जातं आणि चिकटपणा वाढतो, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, हो ना, लाजतो. पुढे वर्गात बाष्पीभवन शिकवताना हा शब्द एकदा माझ्या तोंडून निसटला आणि त्या तुकडीत तो अजून चालतो.

त्यांचं खरं नाव मुकुंद. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, इथल्या लालबागजवळ छोटं घर बांधलं, वेळेवर निवृत्त झाले. पण मंडळाच्या एका ऐतिहासिक नाटकात त्यांनी तरुणपणी सेनापती केला आणि ते नाटक मंडळानं इतके वेळा केलं की त्यांचं नाव मागे पडलं. अभिनय चांगला होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आवाज मात्र मोठा होता. शेवटच्या रांगेला तर ऐकू जायचंच, पण रस्त्यापलीकडच्या कचोरीवाल्यालाही कथानक पाठ झालं होतं. सेनापती घायाळ झाले की त्याला कळायचं, आता मध्यंतर, आता कढई तापवावी.

डिंकावरून माझी बढती प्रॉम्प्टरच्या जागेवर झाली, कारण सेनापतींना संवाद विसरायची खोड होती आणि त्यांना माझ्याशी बोलायची सवय झाली होती. आमची खूण ठरलेली होती. वाक्य आठवेनासं झालं की ते डाव्या मिशीला पीळ द्यायचे. लोकांना वाटायचं, काय संताप आहे. मी विंगेतून वाक्य पुरवायची आणि संताप शब्दांत उतरायचा. एकदा एक लांबलचक स्वगत आलं आणि सेनापती पिळतच राहिले. मी पान शोधत होते. पिळता पिळता थोरली अख्खी त्यांच्या हातात आली. पुढच्या रांगेतल्यांनी माना उंच केल्या. सेनापतींनी मूठ वर केली, डोळे फिरवले आणि गर्जना केली, ‘ही पाहा, शत्रूची मिशी उपटून आणली आहे!’ टाळ्या थांबेनात. पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते वाक्य ठेवावं लागलं, आणि शत्रूसाठी चौथी मिशी आणायची की नाही यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या.

एवढी हौस होती तर स्वतःची मिशी का वाढवली नाही, हे मी त्यांना विचारलं होतं. त्यांच्या वरच्या ओठावर, जरा डावीकडे, एक तिरकी जुनी खूण होती आणि तिथे केस उगवत नसत. मिशी वाढवली की मधे फाटक उघडं राहिल्यासारखी दिसायची. खूण कशाची, याची उत्तरं मात्र दर वेळी निराळी. मला सांगितलं, तालमीत तलवार लागली. सचिवांना सांगितलं होतं, लहानपणी घोड्यावरून पडलो. काकूंनी कढी ढवळता ढवळता दोन्ही निकालात काढलं. ‘कुठली तलवार अन् कुठला घोडा, मॅडमजी. संक्रांतीला गिल्ली-डंडा खेळत होते. गिल्ली उडून तोंडावर बसली. यांना कॅच घ्यायचा होता.’ सेनापती शेजारीच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

त्या खुणेपेक्षा मोठी अडचण वेगळी होती. मिशी काढली की सेनापतींना कोणी ओळखत नसे. मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला होता तेव्हा आधी त्यांचा एक प्रवेश झाला. प्रवेश संपल्यावर त्यांनी रंग पुसला, मिशी काढून खिशात टाकली आणि जरा हवा खायला फाटकाबाहेर गेले. फाटकावरचे चौकीदार कैलाशजी तेव्हा नवे होते. परत येताना त्यांनी सेनापतींना अडवलं. अंदर सेनापतीजी का सम्मान हो रिया है, तुम बाद में आना, असं सांगितलं. मीच सेनापती, हे सेनापतींनी परोपरीनं सांगून पाहिलं. आत अध्यक्ष शाल धरून उभे, हात अवघडलेले. शेवटी सेनापतींनी खिशातून थोरली काढून नाकाखाली धरली, तेव्हा कैलाशजींनी खाडकन सलाम ठोकला. त्यानंतर त्यांची ओळख पक्की झाली, तरी कैलाशजींनी गंमत सोडली नाही. सेनापती बिनमिशीचे आले की ते फाटक अर्धं लावून विचारायचे, ‘आपका शुभ नाम?’ सेनापतीही न चिडता सांगायचे.

हसायचे सगळ्यांबरोबर, पण ती गोष्ट त्यांना लागली होती. एकदा तालमीनंतर तिघींना चष्म्याच्या घरात ठेवताना ते मला म्हणाले, ‘मॅडम, टाळ्या हिच्या आहेत. मी तर फक्त हिला उचलून आणतो.’ मी काही तरी समजुतीचं बोलले. ते ऐकत नव्हते, थोरलीचे केस बोटानं सारखे करत होते.

आमच्या मंडळाच्या सभागृहात भिंतीवर जुन्या नटांच्या तसबिरी आहेत. रीत अशी की माणूस गेल्याशिवाय तसबीर लागत नाही. सेनापतींना ही रीत मान्य नव्हती. मी गेल्यावर लावाल तर मी बघणार कधी, असा त्यांचा कार्यकारिणीला साधा प्रश्न होता. सचिवांचं म्हणणं, जिवंत माणसाची तसबीर लावली आणि झाडूवाल्यानं सवयीनं हार घातला तर अपशकुन व्हायचा. शेवटी असं ठरलं की फोटो न लावता रंगवलेलं चित्र लावायचं, म्हणजे ती कला होईल आणि रीत मोडणार नाही. हार घालायला खिळाच ठोकायचा नाही, हेही ठरलं.

चित्र काढणार कोण, हे ठरवायची गरजच नव्हती. सेनापतींचे बालमित्र मास्तर होते. भालचंद्र त्यांचं नाव, एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मास्तर बोलायचे कमी आणि काढायचे ते डोळ्यांना दिसेल तेच. एका व्यापाऱ्यानं त्यांच्याकडून आपल्या वडिलांचं चित्र करून घेतलं होतं. मास्तरांनी कानातले केससुद्धा सोडले नाहीत. व्यापारी म्हणाला, थोडं सुंदर करा ना. मास्तर म्हणाले, मग दुसरे वडील आणा. अशा माणसासमोर सेनापती थोरली लावून, फेटा बांधून, तलवार टेकवून जाऊन बसले.

बसले म्हणजे काय, तो एक प्रयोगच होता. मी दोन-तीनदा बघायला गेले. मास्तर नाक काढायला लागले की सेनापती शत्रूकडे बघायचे आणि नाक फुलायचं. कपाळ काढायला घेतलं की त्यांना घरातली फितुरी आठवायची आणि आठ्या पडायच्या. मास्तरांनी तीनदा कॅनव्हास खरवडला. मुकुंद्या, तुझं तोंड एका जागी ठेव, असं ते सारखं सांगत. सेनापती म्हणत, ठेवलं आहे की, हे बघ, आणि लगेच तिसरंच तोंड करत. शेवटी मास्तर उठले, काकूंना फोन केला आणि टोपलीभर मटार मागवले. थंडीचे दिवस होते. माळव्यात थंडीत घराघरात मटार सोलणं चालू असतं, त्यात कोणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. मास्तरांनी टोपली सेनापतींच्या मांडीवर ठेवली आणि सोल म्हणाले.

मटार हातात आले आणि सेनापती शांत झाले. मी तो चेहरा पहिल्यांदा तिथे पाहिला. एक साधा, समाधानी माणूस, शेंगेतला पहिला दाणा तोंडात टाकणारा. मास्तरांचा कुंचला भराभर चालायला लागला. आज सभागृहात पाहुण्यांना चित्र दाखवताना सचिव सांगतात, पाहा, नजर कशी रणभूमीवर खिळली आहे. मी शेजारी उभी असते. ती नजर टोपलीवर आहे, पण मी कशाला बोलू.

भांडण झालं ते मिशीवरून. चित्र पुढे सरकलं तेव्हा सेनापतींनी उठून पाहिलं. फेटा होता, अंगरखा होता, ओठ मात्र मोकळा आणि त्यावर ती तिरकी खूण, जशीच्या तशी. सेनापती थोरली लावून बसले होते तरी मास्तरांनी ती रंगवलीच नव्हती. सेनापतींचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. ही नाटकाच्या माणसाची इज्जत आहे, तू मला कारकून करून टाकलास, असं बरंच काही. मास्तरांनी कुंचला धुतला, पुसला, मग म्हणाले, ‘ती गिल्ली मी मारली होती. तुझ्या तोंडावरचं माझं पहिलं काम आहे ते. मी झाकणार नाही.’

मला तोपर्यंत माहीत नव्हतं की डंडा मास्तरांच्या हातात होता. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं की आपण गोष्ट नेहमी निम्मीच सांगत होतो. सेनापतींनी थोरली उतरवून खिशात टाकली. फेटा काखेत मारून निघून गेले आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद झालं तरी सकाळी लालबागला फिरायला जाणं बंद करता येत नव्हतं, कारण दोघांचे पोहे एकाच ठेल्यावर असायचे. त्यामुळे सेनापती पुढे आणि मास्तर मागे, मधे हाक मारता येईल एवढं अंतर, असे ते चालायचे. ठेल्यावर सेनापती पोहेवाल्याला सांगायचे, पीछे जो आ रहे हैं उनको जीरावन मसाला कम देना, उनको एसिडिटी है. मास्तर आले की म्हणायचे, जो आगे गए उनके पैसे मत लेना. हे भांडण मिटवण्याजोगं आहे की नाही, हेच कळत नव्हतं. पण चित्र भिंतीकडे तोंड करून मास्तरांच्या खोलीत पडून होतं आणि त्यावरून दोघंही वाळत चालले होते, हे काकूंना दिसत होतं.

तोडगा काकूंनी काढला. त्या थेट मास्तरांकडे गेल्या, मला सोबत नेलं आणि सांगितलं, ‘भालजी, चित्र तुमचं, मिशी यांची. तुम्ही तुमचं करा, हे यांचं करतील.’ मास्तरांनी जरा विचार केला. मी मिशी रंगवणार नाही, पण त्यानं आणून चिकटवली तर अडवणार नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सेनापती डिंकाची बाटली आणि चष्म्याचं घर घेऊन हजर झाले. वार्निश वाळलेल्या चित्राच्या ओठावर त्यांनी डिंक लावला, फुंकर मारली आणि डिंक लाजेपर्यंत आम्ही तिघं चित्राकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी थोरली ठेवून अंगठ्यानं दाबली. स्वतःच्या चित्राच्या नाकाखाली खऱ्या केसांची मिशी लावणारा नट मी तरी दुसरा पाहिला नाही. मास्तर म्हणाले, वाकडी आहे. सेनापती म्हणाले, तूच सरळ कर मग. अशा रीतीनं बोलणं पुन्हा सुरू झालं.

चित्र सभागृहात लागलं आणि सेनापतींना एक नवाच उद्योग सापडला. ते प्रसंगाप्रमाणे चित्राची मिशी बदलायला लागले. गणेशोत्सवात थोरली. हळदीकुंकवाला मधली, कारण बायका-मुली येतात. कोणाचं व्याख्यान असलं की धाकटी, म्हणजे चित्रही जरा सुशिक्षित दिसतं. थोरली भिंतीवर असेल त्या दिवशी त्यांना स्वतः प्रयोग करता येत नसे, म्हणून कार्यक्रम ठरवताना सचिवांना दोघांच्या तारखा बघाव्या लागत. नवी मुलं चित्रासोबत सेल्फी काढून ग्रुपवर टाकायची आणि खाली विचारायची, आज कौनसी लगी है. सेनापती तेही उत्तर मन लावून लिहायचे. मिशी उतरवून दुसरी लावेपर्यंतच्या वेळात ते चित्रावर रुमाल टाकायचे. तो मोकळा ओठ कोणी बघू नये, एवढीच त्यांची काळजी.

मग ते आजारी पडले आणि झोपूनच राहिले. पुन्हा थंडी होती. मास्तर रोज दुपारी येऊन त्यांच्या पलंगाशी बसायचे आणि मटार सोलायचे. सेनापतींच्या हातात बळ नव्हतं, तरी अधूनमधून एखादी शेंग ते घ्यायचे. मी गेले होते त्या दिवशी त्यांनी मास्तरांना विचारलं, तू चिडणार नाहीस ना. मास्तर म्हणाले, बोल. ‘भाल्या, शोकसभेत चित्राला थोरली लाव हां,’ सेनापती म्हणाले. ‘नाही तर लोक विचारतील, हा कोण मेला.’ आवाज बारीक झाला होता. रस्त्यापलीकडे जाणं दूरच, तो पलंगाच्या कडेपर्यंतच पोचत होता. मास्तरांनी टोपलीतली शेंग सोलली, दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि मान डोलावली. मला रडू आवरेना म्हणून मी काकूंना चहा करू लागायला आत गेले.

उन्हं तापायला लागली तेव्हा सेनापती गेले. मुलगा पुण्याहून आला, सगळं झालं, आणि मंडळानं शोकसभा ठेवली. चित्र भिंतीवरून उतरवून व्यासपीठावर खुर्चीत ठेवलं. आता हार घालायला हरकत नव्हती. मास्तरांनी चष्म्याचं घर उघडून स्वतः थोरली काढून दिली. जन्मभर जी मिशी त्यांनी रंगवली नाही, ती लावा म्हणून तेच सांगत होते. लावायचं काम मात्र त्यांनी सचिवांवर सोपवलं. सचिवांना पाहुण्यांची घाई. त्यांनी डिंक लावला आणि लगेच मिशी दाबली. मी म्हटलं, थांबा, जरा लाजू द्या. ते म्हणाले, मॅडमजी, टाइम नाही आहे, लोक येऊन राहिले आहेत.

लोक खरंच येऊन राहिले होते. नाटकाची मंडळी पुढे बसली. मागे मात्र मंडळात कधी पाऊल न टाकलेली माणसं आली होती. बँकेतले, कॉलनीतले, लालबागला फिरणारे, तो पोहेवालासुद्धा हात धुऊन आला होता. त्यांची चुळबूळ चालू होती. शेवटी पोहेवाल्यानं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, ‘मैडम, ये किनकी सभा है? अपन मुकुंद भिया के लिए आए थे.’ त्यांनी हे चित्र, ही मिशी कधी पाहिलीच नव्हती. सेनापतींची भीती अशी उलटी खरी होईल, हे त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. दिवंगत आत्म्याच्या भारदस्त व्यक्तिमत्त्वाबद्दल ते सांगत होते तेव्हा थोरलीचं डावं टोक सुटलं. भारदस्तपणा खाली लोंबायला लागला. पंख्याच्या वाऱ्यानं ती जरा हलली, जणू वाक्य विसरलं आहे आणि प्रॉम्प्ट हवा आहे. मला खरोखर विंगेत जावंसं वाटलं. पुढच्या रांगेनं ओठ चावले. अध्यक्षांना कळेना आपण काय चुकलो. आणि मग थोरली सुटली आणि चित्राच्या गळ्यातल्या हारात, झेंडूच्या दोन फुलांच्या मधोमध जाऊन बसली.

पहिल्यांदा हसल्या त्या काकू. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सेनापतींचा मुलगा, मग सगळं सभागृह. शोकसभा एवढी हसलेली इंदुरात दुसरी झाली नसेल. हसणं ओसरायला लागलं तसा मागच्या रांगांतून एकच आवाज उठला, अरे, ये तो अपने मुकुंद भिया हैं. बँकेतले उभे राहून बघायला लागले. पुढच्या नाटकवाल्यांनी तो चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला, मटार सोलणारा, आता काही तरी बोलेल असा.

सचिव धावत व्यासपीठावर गेले, हारातून मिशी काढली आणि डिंक आणायला सांगितलं. फाटकावरचे कैलाशजी आवाज ऐकून आत आले होते. ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले. सवयीनं ‘आपका शुभ नाम’ विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढली. ‘रेन दो साब,’ ते सचिवांचा हात अडवत म्हणाले. ‘पेचान में आ रिये हैं.’

त्या दिवसापासून चित्र मिशीवाचून आहे. काकूंनी तिघींना घरी नेलं. पण इतके दिवस डिंक लावून लावून चित्राच्या ओठावर पिवळट पुटं चढली होती आणि ती काढायला मास्तरांनी मला बोलावलं. डिंकाचं मीच बघायचं, हे मंडळात कायमचं ठरलेलं आहे. दुपारी सभागृहात आम्ही दोघंच होतो. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि एका कडेनं सुरुवात केली. पुटं निघत गेली, खालचा रंग वर आला, आणि ती तिरकी खूण दिसायला लागली. मी जरा जोर लावला तसा मास्तरांनी माझा हात धरला.

‘हळू, मॅडम,’ ते म्हणाले. ‘तिथे लागलं आहे त्याला.’